इदानिया, दिवा जरा खाली धर

इदानिया, दिवा जरा खाली धर.
लाजू नकोस. नवऱ्याच्या लघवीकडे बघायचं असतं
हे कुठल्याच लग्नात कुणी सांगत नाही,
पाद्री तर नाहीच नाही.
पण ज्वालामुखी आणि साखर कारखाना यांच्या मधल्या गावात
जिनं सून म्हणून यायचं
तिनं हे आधी शिकायचं,
टॉर्टिया नंतर.
म्हणून हा पांढरा डबा मागच्या दाराशी ठेवलाय.
मातीवर काही दिसत नाही. माती सगळं पिऊन गप्प बसते.

फाउस्तिनोची मी बघितली नव्हती.
म्हणजे बघितली होती एकदा, चिंचेच्या कोळासारखी.
तो म्हणाला, ऊन लागलंय.
उन्हाच्या नावावर काहीही खपतं.
फडातून आलेल्याला जळजळ व्हायचीच,
तिला आम्ही चिस्ताता म्हणतो,
पुरुष कोयत्यांना धार लावता लावता तिच्यावर विनोद करतात.
मला ते सगळे पाठ होते.
मीही हसायचे, एप्रनमध्ये तोंड घालून.

पाठीसाठी रोज दोन गोळ्या,
ओरालियाच्या दुकानातून, पांढऱ्या, सुट्या, स्वस्त.
मीच आणायचे.
हे मी पाद्र्याला सांगितलंय.
तो म्हणाला, हे काही पाप नव्हे, बाई.
त्याला काय माहीत.

रात्री तो तीनदा उठायचा.
मला वाटायचं, कुत्रं भुंकतं म्हणून तो उठतो.
कुत्र्याला मी दगड मारले.
तो उठायचा म्हणून कुत्रं भुंकायचं.

मग म्हणाला, कॉफीला नाण्याची चव येते.
मी किटली घासली. राखेनं, मग लिंबानं,
शेवटी उसनवारी करून नवी आणली.
तिच्यातही नाणंच.
जेवणाचा वास आला की उठून जायचा,
आणि मी रुसायचे, माझ्या हातालाच चव राहिली नाही म्हणून.

सूज? ती सगळ्यात शेवटी आली,
घरातलं सगळं खाऊन झाल्यावर
पाहुणा आभार मानायला येतो तशी.
मोज्याची वीण घोट्यावर सकाळपर्यंत तशीच.
बोट दाबलं की खड्डा,
तो भरायची वाट बघत मी म्हटलं होतं,
बरं झालं, अंगावर मांस चढलं एकदाचं.

हे सगळं विसरलीस तरी चालेल.
एवढं नको विसरू:
पुष्कळांना काहीच होत नाही.
जत्रेत नाचतात, भरल्या ताटाला बसतात,
आणि आत आकडा चढत असतो.
तो डोळ्यांना दिसत नाही, फक्त रक्तात दिसतो,
दर मंगळवारी, नर्स येसेनियाच्या खोलीत, उपाशीपोटी.
इथं वाटेत भेटलेला माणूस तब्येत विचारत नाही.
विचारतो, क्रिएटिनिन किती?
आणि आपण उत्तर देतो, भाव सांगावा तसं.

ओल्मानचा किती आहे?
तुला म्हणाला ना, कारखान्यानं तपासलं, घेतलं कामावर.
मलाही तेच म्हणाला.
मान वर कर, पोरी.

काय म्हणालीस?

त्याच्या शर्टाच्या खिशात कार्ड असतं,
धुण्याआधी तू काढून ठेवतेस,
वाळलं की परत घालतेस.
फोटो बायार्दोचा.

कधीपासून?
...

फुंकू नकोस दिवा. राहू दे.
त्याला ओरडायचं नाही, रडायचंही नाही त्याच्यासमोर.
परवा मंगळवार. मी येते बरोबर.
म्हणायचं, आईचं रक्त काढायचंय, तूही चल सोबतीला,
आणि तिथं पोहोचल्यावर
दोघींनी दारात उभं राहायचं.

थांब. बोलू नकोस.
कुत्रं भुंकतंय.

आज कितव्यांदा?